खुलासा: गूगलचं रिफ्रेश टोकन अमर नसतं

‘रिफ्रेश टोकन एकदा मिळालं की कायमचं, बाकी क्रॉन बघून घेईल’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (स्क्रिप्टला गूगल खात्यातला डेटा वापरू देणारी तात्पुरती किल्ली म्हणजे ॲक्सेस टोकन, ती पुन्हा मिळवून देणारं ते रिफ्रेश टोकन, आणि क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय.) सल्ला अर्धाच खरा आहे.

ॲक्सेस टोकन साधारण ३६०० सेकंद चालतं आणि रिफ्रेश टोकन दाखवून नवं मिळतं, इथवर ठीक. पण गूगलकडे नोंदवलेलं तुमचं ॲप ‘एक्स्टर्नल’ (बाहेरच्या खात्यांसाठी) आणि ‘टेस्टिंग’ (अजून चाचणीतलं) स्थितीत असेल, तर रिफ्रेश टोकनच ७ दिवसांत मरतं. (फक्त नाव, ईमेल, प्रोफाइल मागणारी ॲपं यातून सुटतात.) स्क्रिप्ट आठवडाभर गुण्यागोविंदानं चालते आणि मग अचानक ‘इनव्हॅलिड ग्रँट’ (परवानगी अवैध) असा एरर! लोक कोड उसवत बसतात. दोष कोडात नसतोच. ॲप ‘प्रॉडक्शन’मध्ये न्या आणि परवानगी नव्यानं घ्या. सहा महिने न वापरलेलं टोकनही रद्द होतं. एका खात्याला एका क्लायंट आयडीमागे (ॲपच्या गूगलकडच्या ओळख क्रमांकामागे) १०० रिफ्रेश टोकनं. त्यापुढे सर्वांत जुनं गुपचूप बाद.

दुसरी चूक घरचीच. नवं ॲक्सेस टोकन मागितल्यावर गूगलकडून येणाऱ्या उत्तरात बहुधा रिफ्रेश टोकन नसतं. ते उत्तर जसंच्या तसं टोकनच्या फाइलवर लिहिलं की जुनं रिफ्रेश टोकन पुसलं जातं आणि तासाभरानं सगळं ठप्प. म्हणून फक्त ॲक्सेस टोकन आणि मुदत बदला. रिफ्रेश टोकन गेलंच, तर परवानगीच्या विनंतीत ‘ॲक्सेस टाइप’ ऑफलाइन आणि ‘प्रॉम्प्ट’ कन्सेंट ठेवून पुन्हा मिळवा.

दर तासाच्या क्रॉनची तर गरजच नाही. गूगलला कॉल करण्याआधी ॲक्सेस टोकनची मुदत तपासा, पाच मिनिटांहून कमी उरली असेल तरच नवं मागा, आणि लिहिताना फाइलला कुलूप (लॉक) लावा, म्हणजे दोन स्क्रिप्ट एकाच वेळी लिहिणार नाहीत.