क्यूरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम, द

इंग्रज लेखक मार्क हॅडन (१९६२– ) यांची इंग्रजी कादंबरी (२००३). इंग्लंडमधील स्विंडन येथे वडिलांसोबत राहणाऱ्या ख्रिस्तोफर बून या पंधरा वर्षांच्या मुलाच्या प्रथमपुरुषी निवेदनातून ती उलगडते. २००३ मध्ये ती प्रौढांसाठी व कुमारांसाठी अशा दोन वेगळ्या आवृत्त्यांत एकाच वेळी प्रसिद्ध झाली. त्या वर्षाच्या व्हिटब्रेड पुरस्कारांत तिला सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान मिळाला आणि गार्डियन वृत्तपत्राचे बालसाहित्याचे पारितोषिकही लाभले.

शेजारच्या मिसेस शिअर्स यांचा वेलिंग्टन हा कुत्रा मध्यरात्रीनंतर बागकामाच्या काट्याने भोसकलेला आढळतो आणि त्याला कोणी मारले याचा शोध ख्रिस्तोफर घेऊ लागतो. या शोधात त्याला दोन गोष्टी कळतात : मरण पावल्याचे सांगितलेली आई लंडनमध्ये जिवंत असून तिची पत्रे वडिलांनी लपवून ठेवली आहेत आणि कुत्राही वडिलांनीच मारला आहे. त्यानंतर तो आगगाडीने एकटा लंडन गाठतो. हा प्रवास कादंबरीचा उत्तरार्ध व्यापतो. शीर्षक आर्थर कॉनन डॉइल यांच्या १८९२ मधील ‘सिल्व्हर ब्लेझ’ या शेरलॉक होम्सच्या कथेतून घेतले आहे. त्या कथेत कुत्रा रात्री भुंकला नाही हीच विलक्षण बाब ठरते. प्रकरणांना १, २, ३ अशा क्रमांकांऐवजी २ ते २३३ पर्यंतच्या ५१ मूळ संख्या दिल्या आहेत. परिशिष्टात n²+१, n²−१ व २n या बाजू असलेला त्रिकोण (n हा १ पेक्षा मोठा असता) काटकोन त्रिकोण असतो, याची सिद्धता आहे.

कथानकाचा काळ लेखकाने स्पष्टपणे नोंदवलेला नाही. तथापि आईच्या एका पत्रावरील १६ ऑक्टोबर १९९७ चा टपाली शिक्का हा तिच्या सांगितलेल्या मृत्यूनंतर अठरा महिन्यांनी उमटला, असे निवेदक म्हणतो आणि तो मृत्यू दोन वर्षांपूर्वीचा असल्याचे इतरत्र सांगतो. त्यावरून कथा सुमारे १९९८ मध्ये घडत असावी, असे मानणे सयुक्तिक दिसते. १५ जून १९९४ या बुधवारी फ्रान्सकडे जाताना एका शेतात उभे राहिल्याची त्याची आठवणही या कालगणनेशी जुळते.

हा काळ महत्त्वाचा ठरतो, कारण ख्रिस्तोफरला लावल्या जाणाऱ्या ॲस्पर्गर लक्षणसमूह या स्वमग्नतेच्या (ऑटिझम) निदानाचा इतिहास त्याच्याशी गुंतलेला आहे. मनोविकारतज्ज्ञ लीओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्गर यांनी १९४४ मध्ये स्वतंत्रपणे मुलांमधील स्वमग्नतेची वर्णने केली. ॲस्पर्गर यांचे जर्मन लेखन इंग्रजी वाचकांपुढे ठळकपणे आले ते ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या १९८१ मधील निबंधानंतर. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानविषयक नियमावलीत ॲस्पर्गर लक्षणसमूह १९९४ मध्ये समाविष्ट झाला आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटात विलीन झाला. म्हणजेच कादंबरीतील काळात हे निदान नवे होते, तर आजच्या वाचकाच्या दृष्टीने ते वेगळे निदान म्हणून उरलेले नाही. २०१८ मध्ये वैद्यकाचे इतिहासकार हेरविग चेक यांनी ॲस्पर्गर यांच्या नाझी काळातील वर्तनासंबंधीची कागदपत्रे पुढे आणल्यानंतर हे नाव वापरण्याबाबतचा संकोचही वाढला आहे. कादंबरीच्या संहितेत मात्र ‘ॲस्पर्गर’ हा शब्द कोठेही येत नाही. तो वेष्टनावरील परिचयात आला आणि तेथून वाचकांच्या बोलण्यात स्थिरावला.

कादंबरीच्या उगमाविषयी अभ्यासक व वाचक एकमताने बोलत नाहीत. काही वाचक तिला प्रथमपासून स्वमग्नतेविषयीची कादंबरी समजतात. हॅडन यांनी स्वतः दिलेली माहिती वेगळी आहे : प्रथम सुचली ती काट्याने भोसकलेल्या कुत्र्याची प्रतिमा, त्या प्रसंगाला शोभेल असा निवेदकाचा आवाज त्यानंतर सापडला. स्वमग्नतेचा आपण सखोल अभ्यास केला नव्हता, हेही त्यांनी मान्य केले आहे. लेखकाचे म्हणणे नेहमीच निर्णायक नसते, परंतु येथे संहितेतील पुरावा त्याला पोषक आहे. कारण वेष्टनावरील निदानाचा उल्लेख काढून टाकला तरी कादंबरीची रचना जराही ढळत नाही.

ती रचना मुख्यतः निवेदकाला जे दिसते आणि वाचकाला जे कळते यांतील अंतरावर उभी आहे. रूपक म्हणजे खोटे बोलणे, उपमा मात्र खोटी नसते, असे ख्रिस्तोफर मानतो. तरीही एका पोलिसाच्या नाकातील केस त्याला नाकपुड्यांत लपलेल्या दोन लहान उंदरांसारखे दिसतात. त्याच्या अंगी कल्पकता नाही, या वारंवार होणाऱ्या विधानाला ही एक ओळच पुरेसे उत्तर देते. आईवडिलांचे भांडण, शेजारणीशी असलेले संबंध, वडिलांची असहायता ही त्याने केवळ नोंदवलेल्या संवादांतून वाचक स्वतः जुळवतो. स्टेशनवरील फलकांच्या अक्षरांची पानावर झालेली गर्दी त्याच्या भांबावलेपणाचे वर्णन न करता ते वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे करते.

वाचकांचा प्रतिसाद येथेच दुभंगतो. प्रसिद्धीनंतरच्या पहिल्या काळात स्वमग्न मुलाच्या मनात शिरण्याचा मार्ग म्हणून कादंबरीचे कौतुक झाले आणि शिक्षकांना व पालकांना ती त्या हेतूने सुचवली जाऊ लागली. याउलट अनेक स्वमग्न वाचकांनी व अभ्यासकांनी आक्षेप घेतला की गणिती प्रतिभा, इतरांच्या भावनांविषयीची अनभिज्ञता आणि स्पर्श होताच केलेला प्रहार ही ढोबळ लक्षणे एकाच पात्रात एकवटली असून वाचक त्यालाच नमुना मानतो. गोंगाट, गर्दी व स्पर्श यांच्या माऱ्याची वर्णने आपल्या अनुभवाशी जुळतात, असे सांगणारे स्वमग्न वाचकही आहेत. स्मार्टीज या गोळ्यांच्या नळीतून गोळ्यांऐवजी पेन्सिल निघते आणि नळीत काय असेल असे दुसऱ्याला वाटेल ते मुलाला विचारले जाते, अशी एक चाचणी कादंबरीत येते. तिच्यामागे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व यूटा फ्रिथ यांच्या १९८५ मधील निबंधाने रूढ केलेला सिद्धांत आहे. इतरांच्या मनाची जाण स्वमग्न व्यक्तीत उणी असते, असे तो मानतो. स्वतः स्वमग्न असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये त्याविरुद्ध मांडले की न उमगणे हे दोन्ही बाजूंनी असते. ही मांडणी कादंबरीनंतरची असली, तरी ख्रिस्तोफरशी खोटे बोलणारी व त्याला समजून घेण्यात चुकणारी प्रौढ माणसे पाहता तिच्या प्रकाशातील वाचन अधिक फलदायी ठरते.

मराठी वाचकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संभवते. ‘स्वमग्नता’ हा मराठीत रुळलेला शब्द मूळ ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, याला धरून असला तरी ‘मग्न’ या पदामुळे स्वतःत बुडालेल्या माणसाचे चित्र तो वाचनापूर्वीच उभे करतो. ख्रिस्तोफरची नजर मात्र सतत बाहेर असते. वर उल्लेखिलेल्या शेतातील १९ गायी त्याने मोजल्या असून त्यांतील १५ काळ्या-पांढऱ्या व ४ तपकिरी-पांढऱ्या होत्या, हे त्याला वर्षांनंतरही आठवते.

सायमन स्टीव्हन्स यांनी केलेले नाट्यरूपांतर मेरिॲन एलियट यांच्या दिग्दर्शनाखाली २०१२ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये सादर झाले. त्याला २०१३ मध्ये सात ऑलिव्हिए पुरस्कार आणि ब्रॉडवेवरील प्रयोगासाठी २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट नाटकासह पाच टोनी पुरस्कार मिळाले. आपण स्वमग्न असल्याचे उघडपणे सांगणाऱ्या मिकी रो या नटाने अमेरिकेत इंडियाना रेपर्टरी थिएटरच्या २०१७ मधील प्रयोगात ख्रिस्तोफरची भूमिका केली.