पेटाऱ्याला खण कसे फुटले

जुन्या लाकडी पेटाऱ्याच्या दर्शनी फळीला आडवी भेग गेलेली असते. ती आपटल्याने पडली असावी असे पाहणाऱ्याला वाटते, पण बहुतेकदा पेटारा बनला त्याच दिवशी ती ठरून गेलेली असते. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. ओकची 40 सेंटीमीटर रुंद साधी कापलेली फळी दमट आणि कोरड्या हंगामात 5-6 मिलिमीटरने कमी-जास्त होऊ शकते. पेटारे घडवणाऱ्यांच्या पिढ्या या हालचालीशी झगडत आल्या. दुसरी अडचण त्याहून साधी, पण रोजची: तळाशी गेलेली वस्तू वर काढायची कशी?

सांधेकाम प्राचीनच आहे. 1922 साली सापडलेल्या, प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यात तऱ्हेतऱ्हेच्या पेट्या होत्या. सपाट झाकणाच्या, कमानदार झाकणाच्या, एक तर तळाखाली सरकवता येणाऱ्या दांड्यांवर उचलून न्यायची. इजिप्तच्या सुतारांना जीभ-खाचेचा (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) आणि डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारख्या पसरट दातांचा) असे दोन्ही सांधे येत होते. कुलूप नव्हते. झाकणावर एक गुंडी, पेटीवर एक गुंडी, त्यांना दोरी गुंडाळून गाठीवर मातीची मोहोर.

उत्तर युरोपात सुरुवात बरीच ओबडधोबड झाली. ओंडका घ्यायचा, वरचा भाग झाकणासाठी कापायचा आणि उरलेला वाकसाने पोखरायचा. पोप तिसरा इनोसंट याने 1199 मध्ये धर्मयुद्धाच्या देणग्यांसाठी चर्चमध्ये तीन किल्ल्यांची पेटी ठेवायला सांगितली, तीही पोखरलेल्या खोडाचीच. असा ओंडका वाळताना गाभ्यापासून बाहेर तडकतो. त्यावरच्या लोखंडी पट्ट्या चोरांसाठी होत्याच, पण तडे आवळून धरण्याचे कामही त्याच करत.

दुसरी घडण सहा फळ्यांच्या पेटाऱ्याची, तीही जुनीच: पुढची, मागची, दोन बाजूंच्या, तळ आणि झाकण. नॉर्वेतल्या ओसेबर्ग येथे इ.स. 834 च्या दफन-जहाजात लोखंडी पट्ट्यांच्या ओक पेट्या निघाल्या. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवर खिळ्यांच्या पेट्याही होत्या आणि डव्हटेल सांध्यांच्याही. या घडणीत बाजूच्या फळ्या उभ्या लावून त्यांचीच टोके पाय म्हणून खाली सोडत, म्हणजे तळ ओल्या जमिनीपासून वर राही. पण पुढच्या फळीचे तंतू आडवे आणि बाजूच्या फळीचे उभे. पुढची फळी उंचीत आकसू पाहते, बाजूची तिला आकसू देत नाही, आणि खिळ्यांच्या दोन ओळींमध्ये लाकूड फाटते. घडीव लोखंडी खिळा थोडा वाकतो, लाकडाला थोडी मोकळीक देतो, म्हणूनच असे कितीतरी पेटारे टिकले.

इथे दुरुस्ती करणारे नेमकी चूक करतात. कोरड्या दिवसांत रुंदावलेल्या भेगेत कडक लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, ठासून भरतात. पावसाळी हवेत फळी फुगते, तिला जागा उरत नाही, आणि नवी भेग शेजारी पडते किंवा खिळे उपटतात. भेग जुनी आणि स्थिर असेल तर तिला हात न लावणे उत्तम. भरायचीच तर त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप, तंतू त्याच दिशेने, फक्त एका कडेला सरसाने (प्राण्यांच्या हाडा-कातड्याच्या गोंदाने) चिकटवून. सरस ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सुटतो. पांढरा गोंद तितक्या सहज सुटत नाही आणि पुढच्या दुरुस्तीच्या आड येतो.

हालचालीवरचा खरा तोडगा चौकट-दिलह्याच्या कामाने दिला. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तो युरोपभर पसरला. उभ्या-आडव्या अरुंद पट्ट्यांची चौकट, त्यांच्या आतल्या कडेला खाच, आणि त्या खाचेत पातळ फळी, म्हणजे दिलहा, नुसता बसवलेला, ना गोंद ना खिळा. दिलहा हवा तितका हलतो, चौकट मात्र मापात राहते. चौकटीच्या सांध्यातली युक्तीही सुंदर आहे: जिभेतले भोक खाचेवरच्या भोकापेक्षा खांद्याकडे, म्हणजे जिभेच्या बुडाकडे, मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकवून पाडायचे, खुंटी ठोकली की ती सांधा आपोआप आवळते. असे काम उलगडताना ती खुंटी ठोकून बाहेर काढायला जाऊ नये, ती वाकलेली असते. मधोमध भोक पाडून पोखरून काढावी. आणि रंगकाम करणाऱ्याने दिलह्याच्या कडेला जाड थर साचवून तो चौकटीला चिकटवला, तर शोधाचा मुद्दाच गेला.

इटलीत याच काळात लग्नाचे चित्रित, सोनेरी ‘कासोने’ पेटारे बनत. संग्रहालये त्यांनी भरली आहेत, घडणीच्या इतिहासात मात्र त्यांची भर बेताची.

आता तळाशी गेलेल्या वस्तूचे. पहिला उपाय पेटाऱ्यातच, एका टोकाला वरच्या कडेजवळ बसवलेला छोटा कप्पा. त्याचे झाकण उभे केले की मोठ्या झाकणाला टेकण मिळे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये पेटाऱ्याच्या पोटाखाली एक-दोन खण येऊ लागले. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत खणांनी पेटाराच गिळला. झाकण कायमचे बसले आणि त्याचे नुसते वरचे पान झाले. सुरुवातीचे खण बाजूला कोरलेल्या खोबणीवर लटकत आणि खिळ्यांनी जोडलेले असत. शतकाच्या अखेरीस डव्हटेल सांधे आले, आधी दोन-तीन जाडजूड, पुढे बारीक आणि अनेक. खणही तळाच्या कडांवर सरकू लागला.

त्या सरकण्याने बाजूच्या पट्ट्या आणि आतल्या धावपट्ट्या झिजतात. 3-4 मिलिमीटर झिजल्या की खण पुढे झुकतो. मेण लावून आवाज थांबेल, उंची परत येणार नाही. झिजलेली कड रंध्याने सरळ करून त्याच लाकडाची पट्टी चिकटवावी लागते, आणि धावपट्टीही बदलावी लागते. एकच केली तर दुसरी तिला खाते. तळाच्या फळीचे तंतू आधी पुढून मागे जात, अठराव्या शतकात ते आडवे झाले. आडव्या तळाची आकसण मागच्या कडेकडे जाते, तिथे तो मोकळा असतो. तो चारही बाजूंनी चिकटवला की फुटलाच.

जपानने वेगळी वाट धरली. तिथले ‘तान्सू’ हलक्या किरी लाकडाचे. ओलाव्यात ते फुगून दारे-खण घट्ट मिटतात. चाकांचे तान्सू मात्र 1657 च्या एदोच्या (आजच्या टोकियोच्या) महाआगीत रस्त्यांत अडकून पळणाऱ्यांच्या वाटेत आले, आणि पुढे मोठ्या शहरांत त्यांच्यावर बंदी आली.

वय ठरवताना कोरीवकामाकडे शेवटी पाहावे. नक्षी कधीही कोरता येते. आधी खिळे: हातघडीचे, चौकोनी देठाचे आणि डोक्यावर हातोडीचे पैलू असलेले खिळे अठराव्या शतकाअखेरपर्यंत, मग यंत्राने पत्र्यातून कापलेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गोल तारेचे. टोकदार स्क्रू 1840 च्या दशकानंतरचे, त्याआधीचे बोथट. पाठीच्या फळीवर कमानी ओरखडे असतील तर गोल करवत, म्हणजे बहुधा एकोणिसावे शतक किंवा त्यानंतर. अर्थात एखादा खिळा दुरुस्तीत नंतरही आलेला असतो, म्हणून एकट्या पुराव्यावर विसंबू नये.

किड्यांची भोके सर्वांत प्रामाणिक. फर्निचरचा भुंगेरा बाहेर पडताना 1.5-2 मिलिमीटरचे गोल भोक पाडतो. फिकट ताजा भुसा दिसला तर कीड जिवंत आहे. पण पृष्ठभागावर लांबच लांब उघडी खोबण दिसली, तर ते लाकूड किडल्यानंतर कापले किंवा रंधले गेले आहे. लाकूड जुने असेल, पेटारा नाही.