अतिसारावरील चिठ्ठीविना मिळणारी औषधे

पोट बिघडल्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेतली जाणारी औषधे. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला होणे म्हणजे अतिसार, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. बोलीत जुलाब, हगवण, पोट सुटणे. निरोगी प्रौढाचे जुलाब बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. तोवर खरा धोका असतो तो शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा. जुलाब थांबवणारी गोळी हा तोटा भरून काढत नाही. म्हणून पहिला मान ओआरएसचा, म्हणजे ग्लुकोज आणि क्षार पाण्यात विरघळवून पाजायच्या द्रावणाचा. गोळी त्यानंतर, आणि पुष्कळदा तिची गरजही पडत नाही.

लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढून घेतात आणि त्यामागोमाग पाणी शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुतांशी शाबूत राहते. ओआरएसचे सारे काम याच वाटेवर चालते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजायला लावले. तिथला सुमारे ३० टक्क्यांचा मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. २००२ पासूनच्या सूत्रात लिटरभर पाण्याला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असते. हे माप काटेकोर पाळावे लागते. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात रिकामे केले, तर द्रावण इतके तीव्र होते की रक्तातले सोडियम वाढते, लहान मुलांत तर धोकादायक पातळीपर्यंत. पाकिटावर पाण्याचे जे माप छापले आहे तेवढेच पाणी घ्यावे आणि उरलेले द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे.

जुलाब थांबवणाऱ्या गोळ्यांपैकी सर्वांत परिचित लोपेरामाइड. आतड्याच्या भिंतीतल्या ओपिऑइड ग्राहींवर, म्हणजे अफूसारख्या द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या पेशींवरच्या जागांवर, ते काम करते. त्यामुळे आतड्याची हालचाल मंदावते आणि पाणी शोषायला वेळ मिळतो. प्रौढांनी सुरुवातीला ४ मिलिग्रॅम आणि नंतर दर पातळ शौचानंतर २ मिलिग्रॅम घ्यायचे असते. स्वतःच्या जबाबदारीवर घेताना दिवसाची मर्यादा ८ मिलिग्रॅम आणि मुदत दोन दिवस. गोळी कधी घेतली ते कागदावर टिपून ठेवणे उत्तम, कारण दुखणाईताला रात्रीतून किती गोळ्या झाल्या ते सकाळी नेमके आठवत नाही. मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा घेतल्यास हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित होऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तसा इशारा दिला. काही बुरशीरोधक आणि हृदयाची औषधे लोपेरामाइडचे रक्तातले प्रमाण वाढवतात, म्हणून चालू असलेली औषधे विक्रेत्याला आधी सांगावीत.

शौचातून रक्त किंवा आव पडत असेल, जोराचा ताप असेल किंवा नुकत्याच घेतलेल्या प्रतिजैविकांनंतर जुलाब लागले असतील, तर लोपेरामाइड घेऊ नये. अशा वेळी आतडे थोपवले की जंतू आणि त्यांचे विष आतच अडकून राहते. दोन वर्षांखालील मुलांना ते अजिबात देत नाहीत. मोठ्या मुलांनाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

बिस्मथ सबसॅलिसिलेट हे मळमळ, जळजळ आणि सौम्य जुलाबांवर चालते. लाळेतल्या आणि आतड्यातल्या गंधकाशी बिस्मथचा संयोग होऊन जीभ आणि शौच काळे पडते. औषध बंद केल्यावर हा रंग जातो, पण माहीत नसेल तर माणूस घाबरून जातो. उलट हे औषध न घेताही शौच डांबरासारखे काळे झाले, तर ते पोटातल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. हे औषध ॲस्पिरिनच्या कुळातले आहे. म्हणून ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ते टाळावे. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना दिल्यास यकृत व मेंदूवर घाला घालणाऱ्या राय सिंड्रोमचा धोका असतो.

आम्लपित्तावरच्या औषधांत मॅग्नेशियम असेल तर शौचाला पातळ होते आणि ॲल्युमिनियम असेल तर बद्धकोष्ठ होतो. जुलाब चालू असताना बाटलीवरचे घटक वाचले, तर औषधानेच दुखणे वाढवल्याचा प्रकार टळतो. घरात उरलेली प्रतिजैविके मात्र घेऊ नयेत. विषाणूंमुळे झालेल्या जुलाबांवर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

प्रौढाचे जुलाब दोन दिवसांत आणि तान्ह्या मुलाचे एका दिवसात आटोक्यात आले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर वळी हळूहळू सपाट होणे, डोळे खोल जाणे, तोंडाला कोरड, सहा-आठ तासांत लघवी न होणे, रडताना अश्रू न येणे, मूल सुस्त पडणे ही पाणी कमी झाल्याची चिन्हे आहेत. ती दिसू लागली की गोळी शोधत बसू नये. ओआरएस पाजत-पाजतच दवाखाना गाठावा.