रस्ता जिथे तुंबतो, तिथेच वाद का पेटतो?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगली रस्त्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर हेर्ल्याच्या बाजूने संथपणे चाललेला असतो, ट्रॉलीबाहेर आलेली वाढी रस्त्याकडेच्या झाडांना घासत असतात आणि मागे शिरोली औद्योगिक वसाहतीतील पाळी सुटून घरी निघालेल्या दुचाकी, एसटीची बस, दुधाचा टेम्पो आणि मोटारी यांची शेपटी लांबत जाते. दुचाकीस्वार साईडपट्टीवर उतरून पुढे सटकतात. बसला ते जमत नाही, कारण समोरून येणाऱ्या वाहनांच्या रांगेत फट मिळेपर्यंत तिला ट्रॅक्टरच्याच वेगाने जावे लागते. ‘रस्ता रुंद करा’ ही मागणी अशा वेळी प्रत्येकाच्या ओठांवर येते. मात्र हेच काम प्रत्यक्षात सुरू झाले की ते नेमके कुठेतरी अडते आणि अडते ते बहुधा आधीच सर्वाधिक कोंडी असलेल्या ठिकाणी. हा केवळ दुर्दैवी योगायोग असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

रस्त्यावरून किती वाहने जातात हे मोजताना अभियंते डोकी मोजत नाहीत, कारण सायकल आणि उसाचा ट्रॅक्टर यांना सारखेच एक म्हणणे निरर्थक आहे. त्याऐवजी प्रत्येक वाहन रस्त्याची किती जागा आणि इतरांचा किती वेग खाते, हे एका मोटारीच्या तुलनेत ठरवले जाते. शहराबाहेरील रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने १९९० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोटार १ धरली, तर दुचाकी अर्धी, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार आणि बैलगाडी तब्बल ८ धरली जाते. याच सूचनांनुसार सपाट प्रदेशातील दुपदरी रस्ता दिवसाला अशी सुमारे १५,००० एकके समाधानकारकपणे वाहू शकतो, तर चौपदरी रस्ता सुमारे ३५,०००. पदर दुप्पट झाले, क्षमता मात्र दुपटीहून अधिक वाढली. याचे कारण त्या ट्रॅक्टरमागे अडकलेल्या बसमध्ये आहे. दुपदरी रस्त्यावर पुढे जाण्यासाठी समोरच्याची जागा उसनी घ्यावी लागते आणि वाहने जितकी वाढतात, तितकी उसनी घेण्याची गरज वाढत असतानाच तशी संधी कमी होत जाते. चौपदरी रस्त्यावर हा उसनवारीचा व्यवहारच संपतो.

ही आकडेवारी सलग, एकसारख्या रस्त्यासाठी आहे, हे मात्र विसरता कामा नये. उसाला दारे धरणाऱ्या माणसाला यापुढची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पाट वर कितीही रुंद असला, तरी बांधाखालच्या एका नळीतून जेवढे पाणी जाते तेवढेच सरीला मिळते आणि उरलेले मागे तुंबते. रस्त्याचेही तसेच आहे. त्याची क्षमता सरासरी रुंदीवर ठरत नाही, तर सर्वांत अरुंद जागेवर ठरते, मग ती जागा एखादा पूल असो, गावातील बाजारपेठ असो की भूसंपादन न झालेला दोनशे मीटरचा तुकडा.

तुंबण्याचे गणित वरकरणी साधे असले तरी ते फसवे आहे. समजा, अशा एका अरुंद जागेतून मिनिटाला ३० वाहने जाऊ शकतात आणि संध्याकाळच्या गर्दीत ४० मिनिटे मिनिटाला ३३ वाहने येत राहतात. दर मिनिटाला तीन वाहने उरतात, म्हणजे गर्दीच्या शेवटी १२० वाहनांची रांग होते आणि रांगेच्या शेपटाला असलेल्याला चार मिनिटे थांबावे लागते. त्यानंतर येणारी वाहने मिनिटाला १५ पर्यंत घटली, तर आठ मिनिटांत रस्ता मोकळा होतो. आता याच ठिकाणी रुंदीकरणाचे काम सुरू झाले, कडेला खडीचे ढीग पडले, वळसा घालावा लागला आणि क्षमता ३० वरून २४ वर आली असे धरू. घट केवळ पाचव्या हिश्शाची आहे. रांग मात्र १२० वरून ३६० वाहनांवर जाते, थांबण्याचा वेळ चारवरून पंधरा मिनिटांवर पोहोचतो आणि गर्दी ओसरल्यावरही रस्ता मोकळा व्हायला आणखी ४० मिनिटे लागतात. क्षमता थोडी घटते आणि कोंडी कित्येक पटींनी वाढते, हे रांगांच्या गणिताचे वैशिष्ट्य आहे. काम सुरू असताना लोकांचा संताप त्या कामाच्या प्रमाणाबाहेर वाटतो खरा, पण तो रांगेच्या प्रमाणातच असतो.

यात माणसाच्या प्रतिक्रियेचा वेळही मिसळतो. जपानमधील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या अंतराने आणि सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. वाटेत कोणताही अडथळा नव्हता, तरीही थोड्याच वेळात कोणी किंचित ब्रेक दाबला, मागच्याने थोडा अधिक दाबला आणि पाहता पाहता थांबलेल्या मोटारींचा एक पुंजका तयार होऊन तो उलट दिशेने मागे सरकू लागला. अडथळ्याविना ही अवस्था होत असेल, तर सिमेंटच्या बॅरिकेडजवळ काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रस्ता अरुंद का असतो? माळावर किंवा शेतातून जाताना तो सहसा अरुंद नसतो. जिथे माणसे, दुकाने, देवळे आणि पूल रस्त्याला चिकटून उभे राहिले, तिथे तो अरुंद असतो. म्हणजेच रुंदीकरणासाठी ज्या जागेची सर्वाधिक गरज असते, तिथेच प्रत्येक मीटरमागे सर्वाधिक भिंती, सर्वाधिक मालक आणि सर्वाधिक कायदे आडवे येतात. कोंडीची जागा आणि वादाची जागा एकच असते, कारण दोन्हींचे कारण एकच असते.

पंचगंगेवरील शिवाजी पूल हे याचे कोल्हापूरकरांना परिचित उदाहरण आहे. रत्नागिरी, पन्हाळा आणि जोतिबाकडे जाणारी वाहतूक, तसेच वडणगे, आंबेवाडी, चिखली, केर्ली या भागातून रोज शहरात कामाला येणारी माणसे एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या दगडी पुलावरून जात होती. शेजारी नवा पूल हवा यावर फारसे दुमत नव्हते, कामही बरेच पुढे गेले होते, पण ते मध्येच थांबले. पुलाच्या शहराकडील बाजूला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये तेथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष सापडले आणि ही जागा संरक्षित आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित जागेपासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे. नव्या पुलाचे टोक या टप्प्यात येत होते. काम रखडलेले असतानाच जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पुलाचा कठडा तोडून एक मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर चक्रे फिरली आणि नवा पूल पूर्ण झाला.

या प्रकरणात दोष कायद्याचा की प्रशासनाचा, यावर बोलून झाले आहे. भूगोलाकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. नदीकाठची उंच, पुरात न बुडणारी टेकडी पाहून दोन हजार वर्षांपूर्वी माणसे तेथे वसली. उंच आणि पक्का काठ पाहूनच पूल बांधणाऱ्यालाही ती जागा सोयीची वाटली असणार. सातवाहनकालीन वस्ती आणि आजचा पूल एकमेकांच्या वाटेत आले ते दोघांनी जमिनीची पारख सारखीच केली म्हणून.

पंचगंगेच्या खोऱ्यातील दुसरा वाद यापेक्षा अधिक वैज्ञानिक आहे आणि माझ्या मते त्याला मिळायला हवे तेवढे गांभीर्य मिळालेले नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ नदीचे पूरमैदान ओलांडतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तेथे पाणी येऊन महामार्ग काही दिवस बंद राहिला. सातारा-कागल टप्प्याच्या सहापदरीकरणात, जे आधीच लांबलेले आहे, रस्ता उंच करायचा तर मातीचा भराव घालावा की खांबांवर पूल उभारावा, यावरून स्थानिकांनी ‘भराव नको, पिलरचा पूल हवा’ अशी मागणी लावून धरली. विकासाला खीळ घालणारी मागणी म्हणून तिची बोळवण करणे सोपे आहे. थोडे गणित करून पाहिले तर चित्र बदलते.

पुरात नदी केवळ पात्रातून वाहत नाही, ती दोन्ही काठांवरील शेतांमधून मैलभर पसरून वाहते. भराव या रुंद प्रवाहाला आडवा येतो आणि पाण्याला पूल व मोऱ्या यांच्या उघड्या जागेतूनच जावे लागते. उघडी जागा निम्मी झाली की तेवढेच पाणी जाण्यासाठी वेग दुप्पट व्हावा लागतो. हा वेग देण्यासाठी पाण्याला मागे उंची साठवावी लागते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला १ मीटर वेगासाठी सुमारे ५ सेंटिमीटर, २ मीटरसाठी सुमारे २० आणि ३ मीटरसाठी सुमारे ४६ सेंटिमीटर. घर्षण आणि भोवरे यांमुळे होणारी वाढ यात धरलेली नाही. म्हणजे उघडी जागा निम्मी केली आणि वेग १ वरून २ मीटर झाला, तर भरावाच्या वरच्या अंगाला किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा फूट फुगवटा येतो. पंचगंगेची पूरपातळी जिथे मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी ज्यांना तोंडपाठ आहे आणि पावसाळ्यात जे फूट-इंचांवर रात्र काढतात, त्यांना अर्ध्या फुटाचा अर्थ विचारायला नको. सपाट जमिनीवर एवढ्या वाढीने पाणी कित्येक घरांच्या उंबऱ्याआत येते.

खांबांवरील पुलाखाली उघडी जागा जवळजवळ तशीच राहते, खर्च मात्र कित्येक पटींनी वाढतो. किती मोऱ्या, किती रुंद आणि कुठे, याचे उत्तर पुराच्या संगणकीय प्रतिकृतीतून काढता येते आणि ते दोन्ही बाजूंसमोर ठेवता येते. पूररेषेच्या आत उभी राहिलेली बांधकामेही हाच फुगवटा वाढवतात, हे सांगणाऱ्याला मात्र सभेत टाळ्या मिळत नाहीत.

जमिनीच्या मोबदल्याचा वाद बेरीज-गुणाकाराचा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्याला ग्रामीण भागात १ ते २ या दरम्यानच्या गुणकाने गुणतात आणि येणाऱ्या रकमेवर शंभर टक्के दिलासा रक्कम देतात. गुणक २ धरला तर मोबदला चौपट होतो, १ धरला तर दुप्पट. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या चोकाक ते अंकली टप्प्यात शेतकऱ्यांनी चौपट मोबदल्यासाठी मोजणीला विरोध केला, तो या एका अंकावरून.

वाद मिटला तरी काम लगेच सुरू होत नाही, कारण माती कॅलेंडर पाहते. भराव सुमारे वीस सेंटिमीटरच्या थरांनी दाबत न्यावा लागतो. विशिष्ट ओलाव्यावरच माती सर्वाधिक घट्ट बसते, हे १९३३ मध्ये प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने दाखवून दिले. ओल कमी असेल तर कण सरकत नाहीत, जास्त असेल तर कणांमधले पाणीच दाबले जाऊ देत नाही. त्यात येथील काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. जून ते सप्टेंबर हे काम व्यवहारात बंदच असते. एखाद्या तुकड्याचा ताबा एप्रिलऐवजी जूनमध्ये मिळाला, तर उशीर दोन महिन्यांचा होत नाही, तो थेट दिवाळीपर्यंत जातो.

या काळात सोप्या जागांवरचे काम पुढे जात राहते आणि येथेच सर्वांत चमत्कारिक परिणाम दिसतो. समजा, २० किलोमीटरपैकी १९ किलोमीटर चौपदरी झाले आणि वादाचा एक किलोमीटर राहिला. १९ किलोमीटरवर वेग ताशी ४० वरून ६० झाला, तर साडेनऊ मिनिटे वाचतात. उरलेल्या किलोमीटरवर मात्र मघाचेच गणित लागू होते. काम सुरू असल्याने थांबण्याचा वेळ चारवरून पंधरा मिनिटांवर जातो, म्हणजे अकरा मिनिटे वाढतात. शिवाय वरचा पाट रुंद झाल्यामुळे पूर्वी विखरून येणारी वाहने आता एकदम येऊन आदळतात, तो भाग वेगळाच. प्रगतीच्या अहवालात ९५ टक्के काम पूर्ण दिसते आणि संध्याकाळी सहाला पाळी सुटलेला कामगार पूर्वीपेक्षा दीड मिनिट उशिराने घरी पोहोचतो.