पिस्तुलाला जास्त ताकदीची गोळी का पेलत नाही

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत शस्त्रपरवान्याचे काम पोलीस आयुक्तालयाकडे असते. ९ मिलिमीटरचे काडतूस आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचे आतले माप; प्रतिबंधित मापाची शस्त्रे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत) मोडत असल्यामुळे सामान्य परवानाधारकाकडे अर्धस्वयंचलित पिस्तूल असलेच, तर ते बहुधा .३२ बोअरचे असते. हाताळणीला सोपे असले तरी ताकदीला कमी, अशी त्याची ख्याती आहे. त्यामुळे याच पिस्तुलात थोडी दुरुस्ती करून अधिक जोरकस गोळी का वापरता येऊ नये, हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. प्रश्न चुकीचा नाही. मात्र त्यामागे एक गैरसमज दडलेला असतो. पिस्तूल म्हणजे गोळी सोडणारी एक मजबूत नळी आणि मजबुती वाढवली की ताकद वाढवता येते, हा तो गैरसमज. प्रत्यक्षात अर्धस्वयंचलित पिस्तूल हे एका ठरावीक काडतुसाभोवती रचलेले यंत्र असते आणि त्याचा सगळा डोलारा सेकंदाच्या हजाराव्या भागातील वेळापत्रकावर उभा असतो.

काडतुसातील दारू पेटली की तयार होणारा वायू गोळीला पुढे ढकलतो आणि त्याच जोराने पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी खोळीला, मागे ढकलतो. .३२ काडतुसासाठी युरोपातील मानकाने ठरवून दिलेला कमाल दाब सुमारे १,६०० बार आहे (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका), तर ९ मिलिमीटर पॅराबेलमसाठी तो २,३५० बार आहे. पहिल्या दाबानेही पुंगळीच्या तळावर क्षणभर सुमारे पाऊण टनाचा रेटा येतो. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा पुढेमागे सरकणारा वरचा पोलादी भाग, मागे खेचताना हाताला जाणवणारी स्प्रिंग मात्र जेमतेम काही किलोंचा विरोध करते. तेव्हा हा रेटा स्प्रिंग थोपवून धरते, ही समजूत आकड्यांतच टिकत नाही. साध्या .३२ पिस्तुलात तो थोपवते स्लाइडचे वस्तुमान. ठाणे-बेलापूर रस्त्यावर उभ्या असलेल्या, मालाने भरलेल्या ट्रेलरला कितीही जोराने धक्का दिला, तरी तो पहिल्या क्षणी जागचा हलत नाही. स्लाइडचे जडत्व नेमके हेच काम करते. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत स्लाइड जेमतेम सरकलेली असावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. या रचनेला ब्लोबॅक म्हणतात.

ती किती सरकते याचा ढोबळ हिशेब शाळेतील संवेग-अक्षय्यतेच्या नियमाने करता येतो. वायूचे वस्तुमान आणि पुंगळीचे घर्षण तूर्त बाजूला ठेवू. .३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची असते. तिने नळीत ८० मिलिमीटर अंतर कापले आणि स्लाइड ३०० ग्रॅमची धरली, तर त्या वेळात स्लाइड सुमारे १.२ मिलिमीटर मागे आलेली असते. त्याच स्लाइडवर ८ ग्रॅमची, म्हणजे ९ मिलिमीटरच्या वजनाची गोळी कल्पिली, तर हे अंतर २.१ मिलिमीटर होते. फरक मिलिमीटरभराचाही नाही, पण सगळा धोका त्यातच आहे.

एखादी रिकामी पुंगळी हातात घेतली, तर तिच्या तळाचे पितळ जाड आणि भरीव दिसते, तर तोंडाकडील भिंत कागदी पुठ्ठ्याइतकी पातळ असते. दाब असताना या पातळ भिंतीला नळीच्या पोलादाचा आधार लागतो. पुंगळी वेळेआधी जास्त मागे आली, तर भिंतीचा निराधार भाग उघड्यावर येतो, फुगतो आणि शेवटी फाटतो. मग हजार बारच्या वरचा वायू मागच्या बाजूने, मॅगझिनच्या (मुठीतील काडतुसांच्या पेटीच्या) पोकळीतून आणि मुठीच्या दिशेने सुटतो. फुटलेल्या पिस्तुलांत मुठीच्या पट्ट्या उडालेल्या आणि मॅगझिन खाली फेकले गेलेले दिसते, ते याचमुळे.

दुसरे संकट वेगाचे आहे. .३२ ची गोळी सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने गेली, तर आपल्या ३०० ग्रॅमच्या स्लाइडला सुमारे ४.३ मीटरचा वेग मिळतो. ९ मिलिमीटरची गोळी ३६० मीटरने गेली, तर तीच स्लाइड ९.६ मीटर वेगाने मागे येईल. संवेग सव्वादोनपट झाला, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर, आदळताना स्लाइडची ऊर्जा जवळजवळ पाचपट झालेली असते. ताकद दुप्पट केली तर झीजही दुप्पट होईल, असे मानणाऱ्याची इथेच फसगत होते.

म्हणूनच ९ मिलिमीटरसारख्या जोरकस काडतुसांसाठी अभियंत्यांनी निराळाच मार्ग धरला. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेत नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकलेल्या असतात, काही मिलिमीटर दोघी बरोबर मागे जातात आणि दाब उतरल्यानंतरच नळी खाली झुकून स्लाइडला मोकळे करते. १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले पिस्तूल याच तत्त्वावर चालते आणि १९३५ चे ब्राउनिंग हाय-पॉवरही. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे ९ मिलिमीटरचे सैनिकी आणि पोलिसी पिस्तूल हे हाय-पॉवरचेच भारतीय रूप आहे. नागरिकांसाठीचे .३२ आणि हे ९ मिलिमीटर यांच्यात केवळ व्यासाचा फरक नाही. दोन्हींचे वेळापत्रकच वेगळे आहे.

९ मिलिमीटरचे काडतूस .३२ च्या नळीत मावतच नाही, त्यामुळे वरील तुलना कागदावरचीच आहे. परंतु जिथे काडतूस मावते, तिथे धोका अधिक. अमेरिकेत १९०० च्या सुमारास .३८ ऑटो हे काडतूस आले आणि १९२९ मध्ये .३८ सुपर. दोन्हींच्या पुंगळीची मापे एकच, पण आजच्या अमेरिकी मानकानुसार पहिल्याचा कमाल दाब प्रति चौरस इंच २६,५०० पौंड, तर दुसऱ्याचा ३६,५०० पौंड आहे. म्हणजे नवे काडतूस जुन्या पिस्तुलात विनातक्रार बसे आणि जुन्या पिस्तुलाची रचना मात्र त्याच्यासाठी केलेली नसे. पुढे अशा काडतुसांच्या तळावर '+पी' ही जास्त दाबाची खूण छापली जाऊ लागली. माझ्या मते सुरक्षिततेच्या इतिहासात या दोन अक्षरांचे मोल मोठे आहे.

मोठ्या संस्थांनाही ताकदीची किंमत मोजावी लागली. १९८६ साली मायामी येथील चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयने १० मिलिमीटरचे काडतूस जवळ केले. त्याचा धक्का अनेक अधिकाऱ्यांना झेपेना, म्हणून दारूचा सौम्य भरणा केला गेला, त्यातून १९९० मध्ये आखूड पुंगळीचे .४० काडतूस जन्मले, आणि पुढे ही संस्था पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्राचे रूपांतर करणे, इतकेच नव्हे तर ते दुरुस्त करणे, यालाही स्वतंत्र परवाना लागतो. ज्याच्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, त्याला त्यात बदल करण्याची मुभा आपोआप मिळत नाही. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे या औद्योगिक पट्ट्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळणारे कुशल कारागीर आहेत, पण अचूक माप म्हणजे दाबाची चाचणी नव्हे.

ती चाचणी कशी असते? ज्या देशांत प्रूफ हाउसची, म्हणजे शस्त्रांची दाबचाचणी करणाऱ्या केंद्रांची, व्यवस्था आहे, तिथे प्रत्येक नव्या पिस्तुलातून माणूस आडोशाला ठेवून मुद्दाम अधिक भरणा केलेली काडतुसे उडवली जातात. युरोपीय पद्धतीत पिस्तुलांसाठी हा दाब नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे ३० टक्के जास्त असतो. त्यात टिकले म्हणून काम संपत नाही, कारण धातू थकतो. एका झटक्यात न मोडलेल्या भागातही धारदार कोपऱ्यापाशी केसाहून बारीक तडा सुरू झालेला असू शकतो. तो शोधण्याची एक रीत आपल्या औद्योगिक पट्ट्यातही शाफ्ट आणि वेल्डिंग तपासताना वापरतात: भागावर लाल रंगाचा पातळ द्रव लावायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा आणि वर पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल, तर त्यात मुरलेला रंग भुकटीवर लाल रेषेच्या रूपाने वर येतो. अशी रेष दिसलेला भाग कितीही नवा असला, तरी भंगारातच टाकतात.