होशंगाबादचे बोस आणि तीन बिंदूंची अट

सांत प्रक्षेपीय प्रतलात बिंदू मोजकेच असतात आणि कुठल्याही दोन रेषा एका बिंदूत मिळतातच. प्रतलाची कोटी क्यू असेल तर प्रत्येक रेषेवर क्यू+१ बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूतून तितक्याच रेषा जातात. अशा प्रतलात तीन बिंदू एका रेषेवर येऊ न देता जास्तीत जास्त किती बिंदू निवडता येतील?

याचं उत्तर राजचंद्र बोस यांनी १९४७ मध्ये ‘सांख्या’ या नियतकालिकात दिलं. बोस १९०१ साली होशंगाबादला, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला जन्मले. इंदूरच्या बी.एस्सी.च्या वर्गात शंकुच्छेद (लंबवर्तुळ, अन्वस्त यांसारखे वक्र) शिकवताना या आपल्या शेजारच्या माणसाचं नाव निघायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. शिवाय त्यांचा प्रश्न आला होता प्रयोगांच्या आखणीतून: अनेक घटक एकदम तपासताना खताचा किंवा बियाण्याचा परिणाम जमिनीच्या फरकात मिसळू नये.

युक्तिवाद छोटा आहे. संचातला एक बिंदू घ्या. त्यातून जाणाऱ्या क्यू+१ रेषांवर संचातला आणखी एकेकच बिंदू बसू शकतो, म्हणून एकूण क्यू+२ च्या पुढे जाता येत नाही. आणि नेमके क्यू+२ असतील, तर प्रत्येक रेषेवर संचातले शून्य किंवा दोन बिंदू. मग बाहेरच्या बिंदूतून पाहिलं की संचाच्या जोड्या पडतात, म्हणजे क्यू सम हवा. विषम असेल तर मर्यादा क्यू+१. सात बिंदूंच्या फानो प्रतलातली (इथे क्यू २) एक रेषा तिच्या बिंदूंसकट पुसा. उरलेल्या ४ बिंदूंत कुठलेही तीन एका रेषेवर नाहीत.

पुढचा प्रश्न अवघड होता. क्यू विषम असताना असे क्यू+१ बिंदू नेहमी शंकुच्छेदावरच असतात का? क्षेत्रावरून, म्हणजे बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार चालणाऱ्या संख्यांच्या संचावरून, बांधलेल्या प्रतलांत तसंच असावं, असा अंदाज फिनलंडच्या यार्नेफेल्ट आणि कुस्तान्हाइमो यांनी मांडला. त्यांच्या लेखाचं परीक्षण लिहिताना गणिती मार्शल हॉल यांना तो पटला नाही. बेनियामिनो सेग्रे यांनी तो सिद्ध केला. त्यांचा लेख १९५५ चा. आपल्या शंकेनेच सेग्रे यांना हुरूप आला असावा, हे हॉल यांनी पुढे खुल्या मनाने लिहिलं. शंका घ्यावी ती अशी.

मग अटी सैल झाल्या. रेषेवर शून्य किंवा एन बिंदू चालतील, असे संच सम क्यूसाठी डेनिस्टन यांनी १९६९ मध्ये बांधले. क्षेत्रावरून बांधलेल्या प्रतलांत विषम क्यूला, क्षुल्लक प्रकार सोडता, ते अशक्य असल्याचं बॉल, ब्लोखुइस आणि माझोक्का यांनी १९९७ मध्ये दाखवलं. सम क्यूच्या क्यू+२ बिंदूंच्या संचांचं पूर्ण वर्गीकरण मात्र अजून झालेलं नाही.