सोलापूरचा जानेवारी: गड्डा, चार हुतात्मे आणि गिरण्यांचं गाव

सोलापुरात पाहण्यासारखं काय आहे, असं पाहुण्यांनी विचारलं की मी आधी त्यांना महिना विचारतो. जानेवारी असेल तर १२ तारखेलाच या म्हणतो. त्या एका आठवड्यात इथला बाराव्या शतकातला आणि १९३० सालचा इतिहास एकाच रस्त्यावर भेटतो.

सोलापूरचं जुनं नाव सोन्नलगी. बसवेश्वरांचे समकालीन शिवयोगी सिद्धराम इथले. त्यांनी कन्नडमध्ये वचनं रचली, तळं खोदवलं आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं, अशी कथा आहे. गड्डा यात्रा हा त्याच लग्नाचा सोहळा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. मग होम, शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, म्हणजे यात्रेच्या समारोपाचा विधी.

अक्षतांच्या वेळी तरी तिथे उभं राहायलाच हवं. सात नंदीध्वज, म्हणजे योगदंडाचं प्रतीक मानलेल्या उंच काठ्या, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, मंगलाष्टकांसारखी कन्नडमधली संमती, आणि ‘सत्यम् सत्यम्, दिड्डम दिड्डम’ ऐकू येताच हजारो हातांतून उडणाऱ्या अक्षता. ध्वजांचे मान एका जातीकडे नाहीत; लिंगायतांबरोबर माळी, विश्वब्राह्मण, मातंग समाजाकडेही आहेत. होम मैदानाला नाव मिळालं ते याच होमावरून. तिथले पाळणे आणि दुकानं यात्रेनंतरही बरेच दिवस हलत नाहीत. आमच्या लहानपणी ‘प्रदर्शन’ म्हणजे गड्डाच!

तळ्याला लागून भुईकोट किल्ला आहे, बहमनी काळातला, चौदाव्या शतकातला. तळ्याचं पाणी त्या बाजूला आयताच खंदक झालं. आत एका जुन्या देवळाचे अवशेष आहेत, ते न पाहता बागेतूनच परत फिरू नका.

आता १२ तारखेचं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मेला पोलिसांनी गोळीबार केला, लोकांनी चौक्या जाळल्या, अधिकारी शहर सोडून गेले. ९ ते ११ मे असे तीन दिवस इथे इंग्रजांची सत्ता चालली नाही, गावाचा कारभार लोकांनीच पाहिला. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला. त्यानंतरच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात ती अमलात आली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत आणि गिरणी कामगारांमध्ये वावरत. दुसऱ्याच दिवशी तैलाभिषेक! त्या वर्षी नंदीध्वज उचलताना माणसांच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मला दर वर्षी चार पुतळ्यांपाशी येतो. आधी तिथे फूल वाहावं आणि मग यात्रेला जावं, असं मला मनापासून वाटतं.

रूढ अर्थानं संग्रहालय म्हणावं अशी जागा म्हणजे भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. राहत्या घराचं स्मारक झाल्यानं ते पाहताना वेगळंच वाटतं. गाईडशिवाय, सावकाश पाहा.

गिरण्यांचं मात्र असं काही उभं राहिलं नाही, याची मला खंत आहे. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आमची जुनी गिरणी, सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या, भोंग्यांवर गाव उठू लागलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी माग चालवले. सोलापुरी चादर त्यांच्या हातांतूनच देशभर गेली. भोंगे बंद पडले, चादरीचे माग अजून चालतात. पूर्व भागातल्या गल्ल्यांत त्यांचा खडखडाट कानावर येतो.

जानेवारी हुकलाच, तर नारळी पौर्णिमा धरा. त्या दिवशी याच विणकरांचं आराध्य असलेल्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो आणि पूर्व भागात पाय ठेवायला जागा नसते.